पहिलं पाणी ओतून द्यायचं

कसाव्याच्या मुळाला दोन साली असतात. वरची कागदासारखी पातळ, तपकिरी, मातीने माखलेली. नखाने खरवडली तरी निघते. तिच्याखाली दीड-दोन मिलिमीटर जाडीची दुसरी, बाहेरून गुलाबीसर आणि आतून पांढरीशुभ्र. बटाट्याच्या सवयीने पीलर घेऊन बसलं की वरची तेवढी निघते, खाली पांढरं दिसतं आणि काम झालं असं वाटतं. पण ते पांढरं म्हणजे गर नव्हे. ती दुसरी सालच असते आणि घरी खाण्याच्या गोड जातींत मुळातलं बरंचसं विष याच सालीत असतं. ती पूर्ण काढणं हा कसावा रांधण्यातला पहिला आणि सर्वात महत्त्वाचा भाग.

केरळात ती ज्या पद्धतीने काढतात ती एकदा पाहिली की पीलरची आठवणही होत नाही. मूळ धुऊन त्याची दोन्ही टोकं छाटायची. उरलेल्याचे चार-पाच इंचांचे आडवे तुकडे करायचे. मग एका तुकड्यावर सुरीने उभी चीर द्यायची, फक्त सालीपुरती खोल. चिरेत सुरीचं टोक घालून साल किंचित उचलायची आणि अंगठा आत सरकवून गोल फिरवत न्यायची. मूळ ताजं असेल तर दोन्ही साली एकदम, पट्टा उलगडावा तशा सुटतात आणि आतला गर ओलसर, गुळगुळीत निघतो. साल सुटत नसेल, तुकड्यातुकड्याने तुटत असेल, तर मूळ शिळं झालं आहे किंवा फार दिवस जमिनीत राहिलं आहे. म्हणजे पुढे शिजताना काय होणार याचा अंदाज सोलतानाच येतो.

मराठीत याला साबुकंद म्हणतात, पण बाजारात या नावाने मागितलं तर बहुतेक भाजीवाले मान हलवतील. मुंबई-पुण्यात जिथे मल्याळी वस्ती आहे तिथल्या दुकानांत ‘कप्पा’ म्हटलं की लगेच पुढ्यात येतं. खुद्द केरळातही नाव एक नाही. मध्य केरळात कप्पा, दक्षिणेला तिरुवनंतपुरमकडे मरच्चीनी, त्रिशूरच्या बाजूला कोळ्ळी, मलबारात पूळा. आपण मात्र हे मूळ न पाहताच वर्षभर खात असतो. एकादशीचा, चतुर्थीचा, नवरात्राचा साबुदाणा म्हणजे याच मुळाचं पिष्ट. तमिळनाडूत सेलमच्या आसपास मुळं सोलून किसतात, कीस पाण्याने धुऊन गाळतात, दुधाळ पाणी टाक्यांत निवळू देतात आणि तळाशी बसलेल्या पिष्टाचे दाणे वळून, तापवून, वाळवून गोण्या भरतात. ‘साबू’ हे नाव मलायातल्या ज्या सागो ताडावरून आलं, त्या झाडाचा आपल्या साबुदाण्याशी आता नावापुरताच संबंध उरला आहे. ज्या घरात साबुदाणा महिन्याला किलोभर लागतो, त्या घरात त्याचं मूळ एकदाही शिजलेलं नसावं, याची मनापासून हळहळ वाटते. चवीने ते बटाट्याहून गोडसर आहे, रताळ्याहून सौम्य, आणि चांगलं शिजलं तर दोघांपेक्षा जास्त पिठूळ.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, कूळ एरंडाचं. भारतात ते पोर्तुगिजांनी आणलं, पण केरळात ते घरोघर पोचलं त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ रामवर्मा महाराजांमुळे. त्यांची कारकीर्द १८८० ते १८८५, उणीपुरी पाच वर्षांची. पण भाताला पर्याय म्हणून कसाव्याची लागवड वाढावी यासाठी त्यांनी घेतलेले कष्ट पुढे साठ वर्षांनी कामी आले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. त्रावणकोर त्या तांदळावर फार अवलंबून होतं. त्या वर्षांत असंख्य घरांत दुपारच्या पानात भाताच्या जागी उकडलेला कप्पा आला. ‘गरिबांचं अन्न’ हा शिक्का त्याच काळातला, आणि तो पुसायला पुढे बरीच वर्षं गेली. तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यमला १९६३ मध्ये केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था सुरू झाली. तिथून निघालेल्या जातींत श्री विशाखम हे नाव आहे, श्री जया, श्री विजया, श्री प्रकाश आहेत. तरी खाण्याच्या चवीत जुनी, मलायातून आलेली एम-४ अजून पुष्कळांना सर्वांत आवडती वाटते. पिष्टासाठी लावतात त्या जाती वेगळ्या, त्यांत कडवटपणा जास्त असू शकतो. म्हणून मुळं घ्यायची ती भाजी म्हणून विकायला ठेवलेली. कारखान्याकडे निघालेल्या पोत्यातली, किंवा कोणाच्या तरी बांधावर वाढलेल्या अनोळखी जातीची मुळं घरी आणू नयेत.

मूळ निवडताना त्याचं एक टोक मोडून बघू द्यायला विक्रेत्याला सांगावं. जाणता विक्रेता स्वतःच मोडून दाखवतो. कट्‌ असा आवाज होऊन तुटलं आणि आतला गर एकसारखा पांढरा (काही जातींत फिकट पिवळा) दिसला, तर घ्यावं. गरात निळसर-काळ्या रेषा किंवा ठिपके दिसले तर ठेवून द्यावं. कसावा बटाट्यासारखा टिकत नाही. जमिनीतून उपटल्यापासून दोन-तीन दिवसांत, कधी एका दिवसातच, तो आतून काळवंडू लागतो. ही कीड नव्हे, बुरशीही नव्हे. उपटताना झालेल्या जखमेतून हवा आत जाते आणि मुळाच्याच पेशींत सुरू होणाऱ्या क्रियेने गरातल्या बारीक नळ्या निळ्या-काळ्या पडतात. असं मूळ कितीही उकडलं तरी एका जागी मऊ आणि दुसऱ्या जागी लाकडासारखं राहतं. आंबूस वास आला तर विचारही करू नये. फार जाड मुळं टाळावीत, ती बहुतेक जून आणि दोरेदार निघतात. माती लागलेलं मूळ धुतलेल्या चकचकीत मुळापेक्षा चांगलं, कारण धुताना साल खरचटते. परदेशात मेणाचा थर दिलेली मुळं मिळतात. ती जास्त टिकतात, पण मेणाखाली काय आहे ते दिसत नाही. टोक मोडून बघण्याचा नियम तिथे जास्तच कटाक्षाने पाळावा. तिथल्या भारतीय किंवा आफ्रिकी दुकानांत सोललेला गोठवलेला कसावा मिळतो, तो बहुधा शिळ्या ताज्यापेक्षा सरस ठरतो.

घरी आणल्यावर त्याच दिवशी सोलावा. लगेच रांधायचा नसेल तर फोडी पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, पाणी रोज बदलावं, दोन-तीन दिवस चालतात. त्याहून जास्त ठेवायच्या असतील तर पहिली उकळी काढून, निथळून गोठवाव्यात.

आता त्या विषाबद्दल. त्याचं नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, पण ते माहीत असल्याशिवाय पुढची एकही कृती नीट कळत नाही. मुळात लिनामरीन नावाचा पदार्थ असतो, आणि त्याच्याच जोडीचा लोटॉस्ट्रालीन कमी प्रमाणात. हे स्वतः शांत बसलेले असतात. त्यांना फोडणारं विकर (एन्झाइम) पेशीत वेगळ्या कप्प्यात असतं. मूळ चिरलं, किसलं, चावलं की भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड तयार होतो. हा सायनाइड साधारण २६ अंशांनाच उकळतो, म्हणजे उघड्या भांड्यातून तो सहज उडून जातो. गोम वेगळीच आहे. विकर ७० अंशांच्या पुढे निकामी होत जातं, आणि न फुटलेलं लिनामरीन मात्र उष्णतेने नष्ट होत नाही. ते पाण्यात विरघळतं. कच्चा तुकडा एकदम उकळत्या पाण्यात टाकला तर विकर आधी मरतं आणि लिनामरीन आत तसंच राहतं. थंड पाण्यापासून सुरुवात केली, की पाणी तापेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं विकराला काम करायला मिळतात, आणि जे फुटत नाही ते पाण्यात उतरतं. म्हणून फोडी लहान, पाणी भरपूर, भांडं उघडं आणि ते पाणी फेकून द्यायचं. केरळातल्या आज्यांना विकर हा शब्द ठाऊक नव्हता. पहिलं पाणी ओतून द्यायचं हे पक्कं ठाऊक होतं.

चार माणसांना एक किलो मुळं पुरतात. सोलून त्यातलं पाऊण किलोच्या वर थोडं उरतं. विळीवर किंवा जड सुरीने दीड इंचाच्या फोडी कराव्यात. केरळात हातात तुकडा धरून सुरीने टचटच घाव घालत, तिरपे ओबडधोबड तुकडे तोडण्याची पद्धत आहे. त्या खडबडीत कडा लवकर शिजतात आणि मसाला धरतात. मधोमध जाड सुतळीसारखा दोरा असेल तर तो आताच उपसून काढावा, किंवा शिजल्यावर सहज निघतो तेव्हा. फोडी तीन-चार पाण्यांतून धुवाव्यात. पहिली पाणी दुधाळ येतात. साबुदाणा धुताना जातं ना, तेच हे पिष्ट. मग मोठ्या पातेल्यात फोडी घालून त्यावर निदान तीन बोटं येईल इतकं थंड पाणी ओतावं, तीन लिटरच्या आसपास. झाकण नको, मीठ नको. मध्यम आचेवर उकळी येऊ द्यावी आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवावं. कडेला फेस जमतो, काठ पिवळट दिसायला लागतात. हे सगळं पाणी ओतून द्यावं.

तोवर दुसऱ्या शेगडीवर दुसरं पाणी कडकडीत तापवून ठेवलेलं असावं. निथळलेल्या फोडींवर ते ओतावं, दोन चमचे मीठ घालावं आणि पंधरा-वीस मिनिटं शिजवावं. दुसरं पाणी थंड ओतलं तर शिजणं मध्येच थांबतं आणि काही फोडी पुन्हा मऊ होतच नाहीत. शिजल्याची खूण अशी: फोड स्वतःच्या वजनाने उभी चिरते, कडा उमलल्यासारख्या होतात, आणि काचेसारखा दिसणारा गर दुधासारखा पांढरा होतो. सुरी घालून बघण्याची गरज पडत नाही. मग हेही पाणी निथळून टाकावं, पातेलं मिनिटभर मंद आचेवर परत ठेवून फोडींवरचा ओलावा उडू द्यावा. पिठूळपणा खरा येतो तो या शेवटच्या मिनिटात, आणि तोच मिनिट घाईत वगळला जातो.

कुकरचा मोह होतो. कुकरमध्ये मऊ होतो यात शंका नाही, पण बंद भांड्यात आणि वाटीभर पाण्यात जे बाहेर जायला हवं ते आतच राहतं. कुकर वापरायचाच असेल तर पहिली उघडी उकळी काढून, ते पाणी टाकून, मग नव्या पाण्यात एक-दोन शिट्ट्या. कच्च्या फोडी थेट कुकरात नकोत. मायक्रोवेव्हमध्ये किंवा निखाऱ्यावर कच्चं मूळ भाजणं तर नकोच, तिथे विष वाहून न्यायला पाणीच नसतं. तळणाचंही तेच. वेफर करायचे तर मूळ गोड जातीचंच हवं, चकत्या कागदासारख्या पातळ हव्यात, आणि अर्धा तास पाण्यात ठेवून, पाणी बदलून, पुसून मग तेलात. कच्चा कसावा चवीपुरताही तोंडात टाकू नये. शिजवल्यावरही जी फोड कडू लागेल ती थुंकावी आणि सगळं पातेलं टाकून द्यावं. मसाल्याने कडूपणा झाकायला जाऊ नये.

काढलेल्या साली गोठ्यात नेऊन टाकू नयेत. ताजी साल आणि ताजा पाला यांत विष गरापेक्षा जास्त असतं, आणि त्याने गुरं-शेळ्या दगावतात.

नुसत्या उकडलेल्या फोडींना केरळात चेंडा म्हणतात आणि त्यांच्यासोबत कांदारी मिरचीची चटणी असते. कांदारी म्हणजे बोटाच्या पेराहूनही आखूड, आभाळाकडे तोंड करून वाढणारी, जिभेला चटका देणारी मिरची. दहा-बारा मिरच्या, सहा-सात सांबारचे छोटे कांदे, मीठ आणि बोराएवढी चिंच खलबत्त्यात ओबडधोबड ठेचायची आणि वरून चमचाभर कच्चं खोबरेल तेल. मिक्सरमध्ये ती चटणी होत नाही, पाणी सुटून तिचं सरबरीत वाटण होतं. कांदारी न मिळाल्यास साधी तिखट हिरवी मिरची चालते. तेल मात्र खोबऱ्याचंच हवं आणि न तापवलेलं. पिठूळ, किंचित गोड फोड त्यात बुडवून खाल्ली की तेलाचा वास आधी येतो आणि तिखट मागून.

पुळुक्क, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणात घोटलेला कप्पा, करायचं असेल तर वाटीभर ओलं खोबरं, तीन-चार हिरव्या मिरच्या, चार छोटे कांदे, दोन लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं आणि पाव चमचा हळद पाणी न घालता भरड वाटावी. निथळलेल्या गरम फोडींत मधोमध खळगा करून हे वाटण ठेवावं, फोडींनीच झाकावं, पातेल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटं वाफ आणावी. मग लाकडी डावाच्या पाठीने घोटावं. घोटणं गरम असतानाच व्हायला हवं. गार झालेला कसावा घट्ट होतो आणि मग त्याच्या गाठी फुटत नाहीत. पण फार घोटलं, किंवा हँड ब्लेंडर लावला, तर पेशी फुटून पिष्ट बाहेर येतं आणि त्याची खळ होते, कागद चिकटवायची. अर्ध्या फोडी मोडलेल्या आणि अर्ध्या शाबूत, इथे थांबावं. वरून खोबरेल तेलात मोहरी, कढीपत्ता, सुक्या मिरचीची फोडणी.

चिंच, कोकम, टोमॅटो, ताक यांतलं काहीही फोडी पूर्ण शिजण्याआधी पातेल्यात जाऊ नये. आंबट लागलं की फोडी घट्टच राहतात, मग तासभर उकळा. ‘कसावा शिजलाच नाही’ या तक्रारीमागे एक तर शिळं मूळ असतं, नाही तर लवकर पडलेली चिंच.

केरळात कप्प्याचा खरा जोडीदार मासा. तारली किंवा बांगडा, मातीच्या भांड्यात, लाल मिरचीच्या रश्शात, आणि आंबटपणाला धुराने काळी पडलेली कुडमपुळी, म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातल्या एका फळाच्या सुकवलेल्या साली. ही जोडी फक्त चवीची नाही. १०० ग्रॅम कसाव्यात सुमारे १६० कॅलरी आणि ३८ ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं मात्र जेमतेम दीड ग्रॅम. आणि पोटात गेलेला थोडाफार सायनाइड शरीर निकामी करतं तो गंधकयुक्त अमिनो आम्लांच्या मदतीने, जी मासे, अंडी, मांस यांतून भरपूर मिळतात. दुष्काळात, युद्धात, कडू कसावा घाईने अर्धवट प्रक्रिया करून आणि नुसता तोच खाऊन दिवस काढावे लागले, तेव्हा आफ्रिकेत माणसं, विशेषतः मुलं आणि बायका, कायमची पायांनी अधू झाली. १९८१ मध्ये मोझांबिकमध्ये अशी मोठी साथ आली. त्या आजाराला कोंझो म्हणतात. काँगोतल्या याका भाषेतला हा शब्द, अर्थ ‘बांधलेले पाय’. दोष मुळाचा नव्हता. मुळं भिजवून, आंबवून, वाळवून खायची रीत त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या येत होती. उपासमारीने तिला लागणारे दिवसच हिरावून घेतले.

मासे न खाणाऱ्या घरात वाटीभर मसूर, मूग किंवा चवळीची उसळ सोबत ठेवावी, अंडी चालत असतील तर उत्तम. आठवड्यातून एकदा-दोनदा, साग्रसंगीत जेवणाचा भाग म्हणून खाणाऱ्याला चिंता नाही. ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे त्यांनी मात्र नेहमीच्या खाण्यात आणण्याआधी डॉक्टरांना विचारावं. निकामी झालेल्या सायनाइडचं जे थायोसायनेट बनतं ते आयोडीनच्या आड येतं.

उपासाला हे मूळ चालतं का, असा प्रश्न येतोच. साबुदाणा ज्या घरात चालतो त्या घरात त्याच्या मुळाला हरकत घेण्याचं कारण दिसत नाही, पण उपासाचा निर्णय ज्या त्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा. चालत असेल तर कीस फार छान होतो. फोडी वर सांगितल्याप्रमाणे दोन पाण्यांत उकडाव्यात, पण उमलू देऊ नयेत, थोड्या आधी उतरवाव्यात. पूर्ण गार करून दोन तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. इथे तो गार झाल्यावर घट्ट होण्याचा गुण उपयोगी पडतो. जाड किसणीवर किसावं. तुपात जिरं आणि मिरचीचे तुकडे, त्यावर कीस, मीठ, चिमूटभर साखर, आणि अर्धी वाटी दाण्याचं कूट. झाकण न ठेवता परतावं, म्हणजे मोकळा होतो आणि तळाला खरपूस पापुद्रा धरतो. रताळ्याच्या किसाप्रमाणे कच्चा किसून परतायला मात्र जाऊ नये.

उरलेलं पुळुक्क दुसऱ्या दिवशी दगडासारखं होतं. वाफ दिली तर थोडं सैलावतं, पण त्यापेक्षा तव्यावर जाडसर थापून, दोन्हीकडून खोबरेल सोडून भाजलेलं जास्त चांगलं.

आणि जानेवारी ते मार्च, ऊन कडक असताना, वर्षाचा कप्पा वाळवायचा असतो. सोललेल्या मुळांच्या पातळ चकत्या मोठ्या चरवीत उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवतात, अर्ध्याकच्च्या होईपर्यंत, आणि लगेच टोपल्यांनी उपसतात. पूर्ण शिजल्या तर वाळताना चुरा होतो. मग चटयांवर किंवा तापलेल्या कातळांवर पसरतात. हा वाट्टकप्पा. चांगलं ऊन असेल तर चार-पाच दिवसांत होतो. एक चकती दोन्ही हातांनी वाकवायची. वाकली तर अजून एक दिवस ऊन, मोडली तर डब्यात. मधून ढग आले आणि चकत्यांवर करडी-काळी बुरशी धरली तर तेवढ्या निवडून फेकायच्या. केरळात हा साठा कर्कटकम महिन्यासाठी असतो, पावसाच्या त्या दिवसांसाठी जेव्हा शेतात उतरता येत नाही. आदल्या रात्री चकत्या भरपूर पाण्यात भिजत घालायच्या, आठ तास तरी. सकाळी त्या दुप्पट फुगलेल्या असतात आणि पाणी पिवळसर, किंचित आंबूस झालेलं असतं. ते ओतून, चकत्या दोनदा धुऊन, नव्या पाण्यात अर्धा-पाऊण तास शिजवायच्या. ताज्या कप्प्यासारख्या त्या उमलत नाहीत, दाताखाली थोड्या चिवट राहतात आणि त्यांना उन्हाचा एक वास असतो.